मनोरुग्णाला बांधणे: सक्ती, करुणा आणि जबाबदारी

मनोरुग्णालयात रुग्णाला बांधून ठेवणे कधी समर्थनीय ठरते, हा प्रश्न वैद्यकशास्त्राइतकाच नीतिशास्त्राचाही आहे. ज्याच्यावर कोणताही गुन्हा सिद्ध झालेला नाही, किंबहुना ज्याने बहुधा गुन्हा केलेलाच नाही, अशा माणसाचे हातपाय न्यायालयाच्या निकालाशिवाय आणि त्याच्याच भल्याच्या नावाने बांधण्याची मुभा समाजाने फार थोड्यांना दिली आहे. मनोविकारतज्ज्ञ आणि वॉर्डातील कर्मचारी हे त्यांपैकी. ही मुभा कोणत्या तत्त्वावर उभी आहे आणि ती कुठे संपते, याचा विचार भारतात आणि युरोपात दीर्घकाळ होत आला आहे.

बंधनाचे व्यवहारात चार प्रकार दिसतात. कर्मचाऱ्यांनी रुग्णाला हातांनी धरून ठेवणे किंवा खाली दाबून धरणे हा पहिला. पट्टे, कापड किंवा विशिष्ट अंगरखा वापरून त्याला खाटेशी वा खुर्चीशी जखडणे हा दुसरा. जुन्या काळातील साखळदंड याच प्रकारातले. रुग्णाला एकट्याला खोलीत कोंडणे हा तिसरा. आजारावर इलाज म्हणून नव्हे, तर केवळ गप्प करण्यासाठी गुंगीचे इंजेक्शन देणे हा चौथा. चौथ्या प्रकारात दोरी दिसत नाही, म्हणून तो सर्वांत सौम्य वाटतो. पण माणसाला स्वतःच्या शरीरावर ताबा उरत नाही, ही गोष्ट चारही प्रकारांत सारखीच आहे.

बंधनाचा उल्लेख भारतीय वैद्यकात फार जुना आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील नववा अध्याय उन्मादावर आहे. रुग्ण आवरेनासा झाला, तर त्याला घट्ट पण मऊ कापडाने बांधावे आणि लोखंड व लाकूड नसलेल्या अंधाऱ्या खोलीत ठेवावे, असे तेथे सांगितले आहे. त्याच अध्यायात सांत्वन, दान आणि हर्ष यांच्याबरोबर धाक आणि भीती हेही उपाय म्हणून येतात. प्रिय वस्तूच्या नाशाने मन बिघडले असेल, तर तशीच वस्तू मिळवून देऊन रुग्णाला धीर द्यावा, हा सल्लाही तिथलाच. या विधानात एक काळजी आहे: कापड मऊ असावे, खोलीत इजा करणारे काही नसावे. पण एक गृहीतही आहे. बंधन आणि धाक यांची गणना येथे औषधयोजनेबरोबर, म्हणजे उपचारांतच होते. पुढच्या साऱ्या वादाचे मूळ याच गृहीतात आहे.

युरोपात अठराव्या शतकाच्या अखेरीस या गृहीताला धक्का बसला. फ्लॉरेन्समध्ये व्हिन्चेन्झो किआरुजी यांच्या देखरेखीखालील रुग्णालयात १७८९च्या नियमांनी साखळ्यांना मनाई केली. पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयात रुग्णांच्या बेड्या काढल्या गेल्या, त्या १७९७मध्ये. या घटनेचे श्रेय फिलिप पिनेल यांना दिले जाते, पण ते काम प्रत्यक्षात तेथील पर्यवेक्षक झां-बातिस्त प्युसँ यांनी केले. पिनेल तोवर साल्पेत्रिएर रुग्णालयात गेले होते आणि तिथे त्यांनी नंतर तोच पायंडा पाडला. साखळी गेली तरी बंधन मात्र गेले नाही. पिनेल यांच्या व्यवस्थेत लांब बाह्यांचा, हात अंगाशी आवळणारा अंगरखा वापरला जात राहिला. इंग्लंडमध्ये विल्यम ट्यूक आणि त्यांच्या क्वेकर पंथीय सहकाऱ्यांनी १७९६मध्ये यॉर्क येथे ‘रिट्रीट’ सुरू केले. प्रत्येक माणसात ईश्वरी प्रकाशाचा अंश असतो, ही क्वेकरांची श्रद्धा. बुद्धी झाकोळली तरी तो अंश विझत नाही, म्हणून रुग्णाशी माणसासारखेच वागले पाहिजे, असा त्यांचा धर्मविचार होता.

बंधन कमी करण्यापलीकडे जाऊन ते पूर्णपणे काढून टाकता येईल, असा दावा लिंकन येथील शल्यवैद्य रॉबर्ट गार्डिनर हिल यांनी १८३८मध्ये केला. त्याआधी, १८२९मध्ये, तेथील एक रुग्ण रात्रभर अंगरख्यात जखडलेल्या अवस्थेत, कोणी लक्ष द्यायला नसताना मरण पावला होता. त्यानंतर बांधलेल्या रुग्णाजवळ रात्री माणूस बसवण्याचा नियम झाला. माणूस बसवल्यावर पुष्कळदा बांधण्याचे कारणच उरत नाही, हे अनुभवाला आले. हिल यांचा निष्कर्ष असा होता की इमारत नीट बांधलेली असेल आणि जागरूक परिचारक पुरेसे असतील, तर यांत्रिक बंधनाची गरज कधीच पडत नाही. पुढच्याच वर्षी जॉन कॉनोली यांनी लंडनजवळच्या हॅनवेल येथे, आठशेच्या आसपास रुग्ण असलेल्या संस्थेत, हाच प्रयोग केला. तेथे पट्टे गेले, पण त्यांच्या जागी भिंतींना गाद्या लावलेल्या खोल्या आल्या. म्हणजे बंधनाचे रूप पालटले, असेही या सुधारणेचे वर्णन करता येते.

हा आक्षेप सर्वांत तीव्रपणे मिशेल फूको यांनी मांडला. १९६१च्या वेडाच्या इतिहासावरील ग्रंथात त्यांनी ट्यूक आणि पिनेल यांना मुक्तिदाते मानायला नकार दिला. साखळी काढली तिथे अपराधभाव आणि सतत पाहिले जाण्याची भीती बसवली गेली. शरीर मोकळे झाले आणि मनावर पहारा आला, असे त्यांचे म्हणणे. १९५२मध्ये पॅरिसच्याच सेंत-आन रुग्णालयात क्लोरप्रोमॅझिन या औषधाचा मनोविकारांवर वापर सुरू झाला आणि बंधन शरीराच्या आतही नेता येऊ लागले. फूको यांच्या टीकेत तथ्य आहे, पण एक भेद त्यात निसटतो. ज्या बंधनातून माणूस बोलू शकतो, भांडू शकतो, तक्रार करू शकतो, ते बंधन आणि पाठीवर निजवून हातपाय जखडणारे बंधन यांना एका मापाने मोजता येत नाही. दुसऱ्या प्रकारात माणूस मरूही शकतो. पालथे दाबून धरल्याने श्वास अडकणे, दीर्घकाळ हालचाल नसल्याने पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होणे आणि ती फुप्फुसापर्यंत जाणे हे बंधनाचे वैद्यकाला ठाऊक असलेले धोके आहेत. अमेरिकेतील ‘हार्टफर्ड करंट’ या दैनिकाने १९९८मध्ये दहा वर्षांतील अशा १४२ मृत्यूंचा माग काढला. त्यानंतर तेथील केंद्रीय नियमांनी प्रौढ रुग्णाच्या बंधनाचा एक आदेश जास्तीत जास्त चार तासांपुरता मर्यादित केला.

बंधनाचे समर्थन सामान्यतः दोन आधारांवर केले जाते. पहिला आधार इतरांच्या संरक्षणाचा. जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८५९च्या ‘ऑन लिबर्टी’मध्ये मांडलेले तत्त्व प्रसिद्ध आहे: एखाद्याच्या स्वातंत्र्यात सक्तीने हस्तक्षेप करायचा, तर तो इतरांना होणारी इजा टाळण्यासाठीच. या आधाराला मनोविकाराची गरजच नाही. शेजारच्या खाटेवरील रुग्णावर धावून जाणाऱ्याला अडवणे योग्यच, मग तो आजारी असो वा धडधाकट. पण मग न्यायही सारखा लागतो. धडधाकट माणसाला ‘उद्या कदाचित मारील’ एवढ्यावरून कोणी बांधत नाही. मनोरुग्णाला मात्र पूर्वीच्या नोंदीवरून, आवाज चढला म्हणून, किंवा ‘हा असाच आहे’ या समजुतीने बांधले जाते. इथे इजेचे तत्त्व संपते आणि पूर्वग्रह सुरू होतो.

दुसरा आधार रुग्णाच्या स्वतःच्या हिताचा, आणि खरा पेच इथे आहे. मिल यांनी स्वतःच्या तत्त्वाला एक अपवाद ठेवला. पूल धोकादायक आहे हे माहीत नसलेला माणूस त्यावर पाय टाकत असेल आणि सांगायला वेळ नसेल, तर त्याला धरून मागे ओढण्यात त्याच्या स्वातंत्र्याचा भंग नाही, कारण नदीत पडण्याची त्याची इच्छाच नाही. लहान मूल, भ्रमात असलेला माणूस, विचारशक्ती चालू नये इतका क्षुब्ध झालेला माणूस यांनाही मिल या अपवादात धरतात. आत्महत्येच्या प्रयत्नात असलेल्या किंवा भासांच्या आज्ञेने स्वतःला जखमा करणाऱ्या रुग्णाला बांधण्याचे समर्थन इथूनच येते.

मात्र मिल यांच्या दृष्टान्तातला हस्तक्षेप क्षणाचा आहे. माणसाला मागे ओढायचे, पुलाची अवस्था सांगायची आणि मग सोडायचे. त्याला कठड्याला बांधून रात्रभर ठेवण्याचे समर्थन त्या दृष्टान्तात नाही. शिवाय ‘त्याची खरी इच्छा अशी नाही’ हे वाक्य निसरडे आहे. आयझाया बर्लिन यांनी १९५८च्या व्याख्यानात हाच धोका दाखवला होता. माणसाचे दोन भाग कल्पायचे, एक ‘खरा’ आणि एक ‘भरकटलेला’. मग खऱ्याच्या नावाने भरकटलेल्यावर वाटेल ती सक्ती करायची आणि तिलाच त्याचे स्वातंत्र्य म्हणायचे. कोणाची इच्छा खरी आणि कोणाची विकाराची, हे ठरवणाऱ्याच्या हाती मग अमर्याद सत्ता येते. महाराष्ट्राच्या धर्मेतिहासात या शंकेला ठळक उदाहरण आहे. रिद्धपूरचे गोविंदप्रभू त्यांच्या काळातील अनेकांना वेडे वाटत. महानुभाव पंथ त्यांना ईश्वरावतार मानतो. समाजाचा ‘वेडा’ हा निवाडा अनेकदा वागणुकीविषयी असतो, विचारशक्तीविषयी नसतो, एवढे तरी यावरून ध्यानात घ्यावे.

या पेचातून एक वाट होमरच्या ओडिसियसच्या कथेने सुचवली आहे. सायरेनांचे गाणे ऐकू येण्यापूर्वीच, शुद्धीवर असताना, तो आपल्याला डोलकाठीला बांधायला सांगतो आणि नंतर कितीही विनवले तरी सोडू नका असे बजावतो. येथे बांधणाऱ्याला ‘खरी इच्छा’ कल्पावी लागत नाही; ती सांगून ठेवलेली असते. भारताच्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ने प्रौढ व्यक्तीला असा आगाऊ निर्देश लिहून ठेवण्याचा हक्क दिला आहे. आजारात आपल्यावर कोणते उपचार करावेत, कोणते करू नयेत आणि आपल्या वतीने कोणी बोलावे, हे त्यात नमूद करता येते. पण तातडीच्या उपचारांना हा निर्देश लागू नसल्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे, आणि बंधनाची वेळ बहुधा तातडीच्या प्रसंगीच येते.

२००६च्या संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या करारनाम्याने याहून कडक भूमिका घेतली. भारताने तो २००७मध्ये मान्य केला. अपंगत्व हे स्वातंत्र्य हिरावण्याचे कारण होऊ शकत नाही, असे त्याचे चौदावे कलम सांगते. करारनाम्यावर देखरेख करणाऱ्या समितीने २०१४मध्ये ‘रुग्णाचे हित’ ही कसोटीच बाजूला ठेवली आणि त्याची इच्छा व पसंती यांचा जास्तीत जास्त प्रामाणिक अर्थ लावावा, असे सांगितले. या भूमिकेवर आक्षेप असा की भासांनी पुरत्या ग्रासलेल्या माणसाची इच्छा कशी वाचायची याचे समाधानकारक उत्तर तिच्याजवळ नाही. तिचे बळ असे की ती प्रश्नाची दिशा बदलते. ‘याला बांधावे का’ असे विचारण्याऐवजी ‘याला काय हवे आहे हे कळण्यासाठी काय केले’ असे तिला विचारायचे असते.

भारतीय धर्मविचारात या प्रश्नाला सर्वांत नेमकी चौकट जैन श्रावकाचाराने दिली आहे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात गृहस्थाच्या अहिंसा-अणुव्रताचे पाच अतिचार, म्हणजे व्रताला बाधा आणणारे दोष, सांगितले आहेत आणि बंध, म्हणजे जिवाला बांधून ठेवणे, हा त्यांत आहे. मारणे आणि अन्नपाणी तोडणे यांच्याच पंक्तीत बांधणे बसवले आहे. उत्तरकालीन टीकाकारांनी त्यात भेद केले: बंधन सकारण की निष्कारण, आणि सकारण असेल तर सापेक्ष की निरपेक्ष. निरपेक्ष म्हणजे बांधल्या जाणाऱ्याची पर्वा न करता आवळलेले. सापेक्ष म्हणजे सैल गाठीचे, आग लागली तर चटकन सोडता किंवा तोडता येईल असे. हा विचार गुरांपासून माणसांपर्यंत सर्वांना लागू होता. यात दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. सकारण बंधनही मुळात व्रताच्या मर्यादेवरची गोष्ट मानली आहे, पुण्यकर्म नव्हे. आणि बांधणाऱ्याची जबाबदारी गाठ मारल्यावर संपत नाही, तिथून ती सुरू होते.

ही सूक्ष्मता ग्रंथांतच राहिली की काय होते, ते ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे दिसले. दर्ग्याच्या आश्रयाने चालणाऱ्या एका खासगी निवाऱ्यात पहाटे आग लागली. रुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते. त्यांना पळता आले नाही. २८ जण मरण पावले. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. पुढे २०१७च्या अधिनियमाच्या ९५व्या कलमाने मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास मनाई केली. महाराष्ट्रात २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला दोरीने वा साखळीने बांधून मारहाण करणे हा गुन्हा ठरवला आहे. देवस्थानी नेलेल्या मनोरुग्णांच्या संदर्भात हे दोन्ही कायदे एकमेकांना पूरक ठरतात.

रुग्णालयातील बंधनाबाबत २०१७च्या अधिनियमाचे ९७वे कलम बोलते. एकांतवासाला ते पूर्ण मनाई करते. रुग्णाला किंवा इतरांना होऊ घातलेली तात्काळ इजा टाळण्याचा तोच एकमेव मार्ग असेल आणि प्रभारी मनोविकारतज्ज्ञाने मंजुरी दिली असेल, तरच शारीरिक बंधन चालते. ते अत्यावश्यक काळापलीकडे लांबवता येत नाही. शिक्षा म्हणून किंवा धाक म्हणून ते वापरता येत नाही. कारण, पद्धत आणि कालावधी यांची नोंद करावी लागते, नामनिर्देशित प्रतिनिधीला चोवीस तासांत कळवावे लागते, आणि रुग्णावर सतत देखरेख ठेवावी लागते. कर्मचारी अपुरे आहेत, एवढ्या कारणावरून बांधता येणार नाही, हेही कायद्याने स्पष्ट सांगितले आहे. मात्र हे कलम शारीरिक बंधनापुरते आहे. गुंगीच्या इंजेक्शनाने साधलेल्या बंधनावर त्याची तशी पकड नाही. जर्मनीच्या संविधान न्यायालयाने २०१८मध्ये आणखी एक पाऊल टाकले: पाच किंवा सात ठिकाणी पट्टे बांधून केलेले बंधन सुमारे अर्ध्या तासाहून जास्त चालणार असेल, तर त्याला न्यायाधीशाचा आदेश लागतो.

कायद्याची सगळी भिस्त ‘एकमेव मार्ग’ या अटीवर आहे आणि तत्त्वविचाराने तपासायची जागाही तीच. मध्यरात्री साठ खाटांच्या वॉर्डात दोनच कर्मचारी असतील, तर खवळलेल्या रुग्णाला बांधणे हा खरोखरच एकमेव मार्ग ठरू शकतो. सहा प्रशिक्षित कर्मचारी असते, तर तो ठरला नसता. म्हणजे निकड ही रुग्णाच्या आजारातून जेवढी येते, तेवढीच व्यवस्थेतूनही येते. हिल यांनी १८३८मध्ये सांगितले होते ते हेच. आइसलँडच्या मनोरुग्णालयात गेल्या शतकाच्या चौथ्या दशकात बंधनाची साधने काढून टाकली गेली आणि तेथील उपचार त्यांच्याविना चालू राहिले. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील लेन बॉवर्स यांच्या ‘सेफवॉर्ड्स’ प्रयोगात साधे उपाय होते: रुग्ण व कर्मचाऱ्यांनी परस्परांकडून अपेक्षा ठरवणे, नकार मृदू शब्दांत देणे, वाईट बातमी आधी कळली तर रुग्णाला सावरणे. २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तेथे संघर्षाच्या घटना १५ टक्क्यांनी आणि सक्तीचे उपाय २६.४ टक्क्यांनी कमी झाले. उलट, बंधनाने गंभीर मनोविकार सुधारतो का, हे तपासू पाहणाऱ्या २०००च्या कॉक्रेन आढाव्याला त्याविषयी एकही नियंत्रित अभ्यास सापडला नाही.

एवढ्यावरून दोन निष्कर्ष निघतात. पहिला, बंधन हा उपचार नव्हे. चरकांच्या काळापासून चालत आलेले ते गृहीत पुराव्यावर टिकत नाही. दुसरा, बंधन कधी कधी क्षम्य असते. रुग्ण भिंतीवर डोके आपटून घेत असताना, शब्द आणि सोबत दोन्ही थकलेली असताना, त्याला धरून ठेवणारी परिचारिका काही वाईट करत नाही. हात मागे घेणे हेच तिथे वाईट ठरले असते. बर्नार्ड विल्यम्स या ब्रिटिश तत्त्वज्ञाने नैतिक पेचांविषयी दाखवलेली गोष्ट इथे लागू पडते: दोन कर्तव्ये भिडली आणि योग्य ते निवडले, तरी मोडलेल्या दुसऱ्या कर्तव्याचे काही देणे उरतेच. बांधलेल्या माणसाला ते देणे नंतर फेडायचे असते. त्याच्याशी त्या प्रसंगाविषयी बोलणे, त्याला काय वाटले ते ऐकणे, पुढच्या वेळी काय वेगळे करता येईल ते त्याच्याबरोबर ठरवणे हे ते फेडण्याचे मार्ग. ज्या परिचारिकेला दोघांच्या बळावर साठ रुग्ण सांभाळावे लागतात, तिच्यावर सगळा दोष टाकणेही अन्यायाचे. तिच्या हाताने बांधले जाते, पण तिला दुसरा मार्ग न ठेवणारे निर्णय अंदाजपत्रकात आणि भरतीच्या फायलींत झालेले असतात.

म्हणून एखाद्या रुग्णालयातील बंधन समर्थनीय आहे का, याचे उत्तर केवळ त्या रात्रीच्या प्रसंगावरून देता येत नाही. आधी पुरेशी माणसे नेमली होती का, त्यांना बोलून शांत करण्याचे शिक्षण दिले होते का, रुग्णाला आधी विचारले होते का, बांधल्यावर जवळ कोणी बसले होते का आणि सोडल्यावर त्याच्याशी कोणी बोलले का, हे पाच प्रश्न त्यासाठी विचारावे लागतात. पाचांचीही उत्तरे होकारार्थी असतील, तर बांधणारा क्षमेस पात्र आहे. त्यांतले एकही नकारार्थी असेल, तर त्या नोंदवहीत ‘अन्य उपाय नव्हता’ असे लिहिण्याचा अधिकार संस्थेला उरत नाही.